मागायच्या आधी

“मागायला लागलं तर त्यो वाढप्या कसला?”

हे म्हणताना आबा कमरेतून थोडे पुढे वाकायचे आणि डाव्या हातात नसलेली बादली जराशी कलती करायचे. तुम्ही कधी मोठ्या पंगतीत बसला असाल, तर ही वाकण्याची तऱ्हा तुम्हाला ओळखू येईल. आमटी वाढणारा असाच वाकतो. तो माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, पानाकडे बघतो. आता इथं काय लागणार, हे त्याला पानावरूनच कळलेलं असतं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या सेंटरच्या बाहेरच्या खोलीत. बोलायला, मिसळायला, एका जागी बसायला अडचण येते अशा लहान मुलांसाठीचं हे सेंटर. खाली औषधांचं दुकान, शेजारून अरुंद जिना, वर दोन खोल्या. आतल्या खोलीत मॅडम मुलांची थेरपी घेतात. बाहेरच्या खोलीत घरची माणसं बसतात. ती माणसं सहसा एकमेकांशी बोलत नाहीत. बोलणं निघालं की आपल्या मुलाबद्दल काहीतरी सांगावं लागतं, आणि ते कुठून सुरू करायचं हे कुणालाच माहीत नसतं.

या खोलीत आबा वाढप्यासारखे फिरायचे. जिना चढून कुणी धापा टाकत आलं की पाण्याचा पेला पुढे. कुणाच्या पोराचं नाक वाहायला लागलं की रुमाल पुढे. पिशवीतून भडंगाचा डबा निघायचा, आणि नको म्हणायच्या आधी ओंजळीत मूठभर पडायचं. एकदा एका बाईंनी नुसतं खिडकीकडं पाहिलं, तर आबांनी उठून खिडकी लावली. बाईंना खरं तर ती पूर्ण उघडून पाहिजे होती. पण त्यांनी इतक्या मायेनं लावली होती, की बाई काही बोलल्या नाहीत. तासभर पदरानं वारा घेत बसल्या.

मी त्या वेळी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, मानसशास्त्र घेऊन. आमच्या उचगावच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मी सेंटरमध्ये नक्की काय करते, हे वडिलांना सांगायचा मी बऱ्याचदा प्रयत्न केला, ते मान हलवायचे आणि शेवटी विचारायचे, “म्हंजे नर्स?” खरं सांगायचं तर मलाही नीट सांगता यायचं नाही. मॅडमनी मला ठेवलं ते एका साध्या कारणासाठी. त्या पुण्याहून शिकून आलेल्या. त्या सांगायच्या ते लोक ‘हो हो’ म्हणून ऐकायचे आणि घरी गेल्यावर विसरायचे. मॅडम म्हणाल्या, तू त्यांना त्यांच्या बोलीत सांग. कॉलेजात मी आमच्याकडच्या बायकांसारखं ‘मी येतो, मी जातो’ म्हटलं की पुण्यामुंबईच्या मुली हसायच्या. सेंटरमध्ये त्याच बोलीचा उपयोग झाला.

आबांचं घर कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. नोकरी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये झाली, पण पेठेत त्यांची ओळख वाढपी म्हणून. लग्न असो, बारसं असो, मंडळाचा महाप्रसाद असो, आबा कमरेला टॉवेल गुंडाळून हजर. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर यात्रेकरूंना वाढायला जायचे. स्वतः कधी पंगतीत बसले नाहीत. सगळ्यांचं झालं की भांड्याजवळ उभ्या उभ्या चार घास खायचे. माझ्या ओळीत कुणाला ‘ओ, इकडं भात’ म्हणून ओरडायला लागलं न्हाय, एवढंच ते स्वतःबद्दल सांगायचे.

त्यांची नात ईश्वरी पाच वर्षांची होत आली होती. बोलत नव्हती. ऐकू येत होतं, ते तपासून झालं होतं. तिला काही हवं असलं की ती आबांचं मनगट धरायची आणि ओढत न्यायची, डब्याकडे, नळाकडे, दाराच्या कडीकडे. मग त्यांचा हात त्या वस्तूवर नेऊन ठेवायची. त्यांच्या तोंडाकडे बघायची नाही. हात म्हणजे जणू भिंतीवरची खुंटी, तसा वापरायची. आणि बहुतेक वेळा ओढायचीही गरज पडायची नाही. आबांना आधीच कळलेलं असायचं.

घरात दिवसभर ही दोघंच एकमेकांना होती. ईश्वरी झाली त्याच वर्षी आजी गेल्या. मुलगा मुंबईच्या खासगी बसवर ड्रायव्हर, घरी असला की झोपलेला. सून, म्हणजे ईश्वरीची आई, पुढच्या खोलीत मशीनवर ब्लाऊज शिवायची. तिला मी वहिनी म्हणायचे. पेठेतली सगळी पोरं म्हाताऱ्याला आबा म्हणायची, कट्ट्यावरची, तालमीतली, अगदी फुटबॉल खेळून चिखलात माखून आलेलीसुद्धा. घरातलं एकच लेकरू म्हणत नव्हतं. ते हे स्वतः कधी बोलून दाखवायचे नाहीत. वहिनींनीच मला सांगितलं.

मॅडमनी पहिल्याच महिन्यात घरातल्या तिघांना एकत्र बोलावलं. ड्रायव्हर मुलगा रात्रपाळी करून आलेला, लाल डोळ्यांनी बसला होता. मॅडमनी सांगितलं ते थोडक्यात असं. ईश्वरीला जे आवडतं ते तिला दिसेल पण हाताला लागणार नाही असं ठेवायचं. मग थांबायचं. तिनं आवाज काढला, बोट दाखवलं, नुसतं तुमच्या डोळ्यांत बघितलं तरी चालेल, पण मागणं तिच्याकडून आलं पाहिजे. मागितलं की त्याच क्षणी द्यायचं. आणि हे घरातल्या सगळ्यांनी सारखंच करायचं. एकानं जरी न मागता दिलं तरी तिला मागायची गरज राहणार नाही.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पोरगीनं मागायचं? आमच्या घरात?”

मॅडम म्हणाल्या, हो.

“घरातल्या माणसाला मागाय लागलं, म्हंजे ते घर व्हय, मॅडम?”

मॅडम समजावत राहिल्या. घराबाहेर गेल्यावर काय, शाळेत काय, परक्या माणसांत काय. आबांचं उत्तर एकच, “मी हाय की.” ते तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा वहिनी मान खाली घालूनच बोलल्या, “कवर हाईसा, आबा?”

कोल्हापुरात अशी वाक्यं माणसं सहज बोलून जातात आणि ऐकणारेही हसतात. त्या दिवशी कुणी हसलं नाही. वहिनींनाच ते जड गेलं असावं, कारण त्या लगेच पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. आबा मात्र रागावले नाहीत. त्यांनी मान हलवली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “बरं. काय काय करायचं सांग, बाळ. जमंल तसं करतो.”

जमायला पाहिजे होतं. त्यांनी कसूर केली असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही त्यांना पाहायला हवं होतं. आतल्या खोलीत चटईवर ईश्वरी, समोर आबा, मध्ये भडंगाची वाटी, झाकण लावून आबांच्या बाजूला ठेवलेली. मी भिंतीशी बसून बघत असे. ईश्वरीनं वाटीकडे नजर टाकली, न टाकली, तोवर आबांचा हात झाकणावर. मी म्हणायचे, आबा. ते दचकून हात मागे घ्यायचे. पुन्हा तेच. मग त्यांनी हात मांडीखाली दाबून ठेवायला सुरुवात केली. हात अडकलेले असले तरी एक दिवस मी पाहिलं, वाटी हळूहळू ईश्वरीकडे सरकत होती. आबा पायाच्या अंगठ्यानं ढकलत होते. तोंडावर अगदी देवळात बसल्यासारखा भाव.

“आबा, तुमच्या पायाला बी थेरपी लावायची का?” वहिनी म्हणाल्या.

“त्येला कुठं कळतंय, सूनबाई? पाय हाय त्यो.”

आम्ही सगळ्या हसलो. आबाही हसले. ईश्वरी शांतपणे भडंग खात बसली होती. तिला तिचं मिळालं होतं.

घरी तर मी नव्हतेच बघायला. वहिनी सांगायच्या, मी पाण्याचा तांब्या वर ठेवतो, मशीनवर बसतो, आणि मागं वळून बघतो तर पोरगीच्या हातात पेला. ‘तिनं मागितलं’ म्हणत्यात. कसं मागितलं विचारलं तर म्हणत्यात, ‘मला कळलं.’ वहिनी चिडायच्या. त्यांचंही बरोबर होतं. जूनपासून ईश्वरीला शाळेत घालायचं होतं आणि एका बालवाडीच्या बाईंनी, बघू तरी कशी राहते, म्हणून एक सकाळ बसवून घ्यायची तयारी दाखवली होती.

त्या सकाळचं मला आबांनीच सांगितलं. बालवाडीत सगळ्या मुलांच्या बाटल्या एका फळीवर ठेवलेल्या. ईश्वरीची बाटली तिच्या समोरच होती, तिला दिसत होती, हात पोचत नव्हता. ती सगळी सकाळ त्या बाटलीखाली उभी होती. रडली नाही, ओरडली नाही, बाईंचा हातसुद्धा धरला नाही. बाईंना वाटलं, हिला फळीवरची चित्रं आवडली असतील. आबा आणायला गेले तेव्हा तिचे ओठ कोरडे पडून पांढरे झाले होते. त्यांनी बाटली काढून दिली. ती थांबेचना, एका दमात पीत राहिली, आणि मग तिला तिथंच उलटी झाली.

“तिच्या बाजूला येवढी पोरं हुती,” आबा मला म्हणाले. “बाई हुती. एकाला कळलं न्हाय.” मग बाहेरच्या खोलीतल्या फरशीकडे बघत म्हणाले, “कळंल तरी कसं? त्यास्नी काय म्हाईत, ती कशी बघती त्ये.”

त्यानंतरच्या आठवड्यात वहिनी एकट्याच ईश्वरीला घेऊन यायला लागल्या. आबा कुठं आहेत विचारलं, तर म्हणाल्या, काय की बाई, दुपारी बाराला जे बाहेर पडत्यात, ते तीनला येत्यात. तालमीतली पोरं जेवाय बोलवत्यात म्हणून सांगत्यात. म्हातारपणी तालमीचं काय येड घेतलंय कुणाला ठावं.

तालमीत नव्हते ते. मला ते अन्नछत्रात दिसले.

देवळाजवळच्या अन्नछत्रात मी कधी कधी जेवायचे. कॉलेज सुटल्यापासून सेंटर उघडेपर्यंत मधे वेळ असायचा. घरून भाकरी आणलेली असायची, पण कॉलेजात एकटीनं डबा उघडून बसायला नको वाटायचं. पंगतीत तसं होत नाही. एकटं बसलं तरी दोन्ही बाजूंना माणूस असतो, आणि तुम्ही कुणाबरोबर आलात हे कुणी विचारत नाही. त्या दिवशी समोरच्या ओळीत आबा बसलेले दिसले. मी आधी ओळखलंच नाही. त्यांना मी खाली बसून जेवताना कधी बघितलं नव्हतं.

त्यांना बसता येत नव्हतं, खरं तर. वाढपी जवळ यायच्या आधीच ते ताटावर हात आडवा धरायचे, त्यामुळे त्यांच्या ताटात जेमतेम भात पडला होता. लक्ष सगळं दुसऱ्यांच्या ताटात. पलीकडच्या म्हाताऱ्याची आमटी संपली की हे इकडून वाढप्याला खुणा करायचे. शेवटी तो वाढपी पोरगा वैतागून म्हणाला, “ओ पावणं, तुमी जेवा की गप.” आबा एकदम ओशाळले. पहिल्यांदाच नवीन शाळेत गेलेल्या मुलासारखं खाली बघून जेवायला लागले.

हात धुताना मी गाठलं. त्यांना लाज वाटली, मलाही वाटली. आपण दोघंही इथं कशाला, हे दोघांनाही विचारायचं नव्हतं. मंडपाच्या सावलीत कठड्यावर बसलो. थोड्या वेळानं ते आपणच सांगू लागले.

“मी म्होरं असलो की माझा हात ऱ्हात न्हाय, बाळ. तोंड फिरवून बघितलं. डोळं मिटून बघितलं. मिटल्या डोळ्यानं बी कळतंय मला, तिला आता काय पायजे. मग म्हटलं, आपुनच पानावरनं उठावं.”

मी म्हटलं, घरात सांगायचं तरी.

“कशाला? सांगितलं की सूनबाईला वाटंल, मी रुसलोय. रुसाय काय झालंय?” मग म्हणाले, “तू शिकलीयास. खरं सांग. बोलंल का गं ती?”

पुस्तकात याची उत्तरं असतात. काही मुलं बोलतात, काही थोडी बोलतात, काही चित्रं दाखवून, खुणा करून मागायला शिकतात आणि त्यांचंही नीट चालतं. हे मी त्यांना आधी सांगितलं होतं. पण ते हे विचारत नव्हते. मी म्हणाले, “मला माहीत नाही, आबा.”

त्यांनी मान हलवली. “एकदा ‘आबा’ म्हणली तरी बास,” ते म्हणाले. “लई न्हाय मागत.”

मग ते उठून गेले. तीन वाजायला वेळ होता. तोवर कुठं बसणार होते ते मी विचारलं नाही.

आबा जेवणाच्या वेळी घरात नसायला लागले आणि घरात काय झालं, ते वहिनींनी मला जिन्यातच सांगितलं, वर येईपर्यंतही त्यांना धीर नव्हता. तांब्या वर ठेवला होता. ईश्वरी नेहमीसारखी हात शोधायला लागली. आबांचा हात नव्हता. वहिनींनी आपला दिला नाही. त्या फक्त थांबल्या. बालवाडीची आठवण होऊन हात तांब्याकडे जात होता म्हणाल्या, पण थांबल्या. आणि ईश्वरीनं तांब्याकडे बघून, मग आईकडे बघून ‘पा’ म्हटलं.

“पाणी म्हणाली व्हो,” वहिनी म्हणाल्या आणि जिन्यातच खाली बसल्या.

त्यानंतर सावकाश सावकाश आणखी आलं. ‘पा’ रोज यायला लागलं. बिस्किटाला ‘बी’. दार उघडायला दारावर थाप आणि आईच्या तोंडाकडे नजर. मॅडमनी बापालाही कामाला लावलं, तो बसवरून आला की झोपायच्या आधी तिच्याशी चेंडूचा खेळ खेळायचा, आणि चेंडू हातात धरून ती बघेपर्यंत थांबायचा. थांबण्यात तो हुशार होता. आबांचा मुलगा वाटत नव्हता, असं वहिनी म्हणायच्या.

आणि एक दिवस जेवताना ईश्वरी भिंतीजवळच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाली, “आबा.”

वहिनींना आधी वाटलं, घशातून नुसता आवाज आला. पण तिनं पुन्हा त्या जागेकडे बघितलं, पुन्हा तेच. त्या जागी आबा बसायचे. त्या वेळी आबा अन्नछत्रात होते.

संध्याकाळी त्यांना सांगितलं, तर त्यांनी विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी सेंटरवर आले आणि मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, “माझ्या समाधानासाठी सांगत्यात व्हय गं?” मी म्हटलं, वहिनी तशा नाहीत. त्यांनाही ते पटलं. त्या दिवसापासून ते पुन्हा घरी जेवायला बसायला लागले, आपल्या जागेवर, ईश्वरीच्या समोर. हात मांडीखाली. कानात प्राण आणून.

ती काही म्हणाली नाही. आबा समोर होते. तिनं त्यांचं मनगट मांडीखालून ओढून काढलं आणि भाकरीच्या डब्यावर ठेवलं.

मॅडमकडे येऊन त्यांनी हे सगळं सांगितलं तेव्हा ते तक्रार करत नव्हते. कोडं पडल्यासारखं विचारत होते. मॅडम म्हणाल्या, “आबा, समोर असलेलं मागणं सोपं. जे दिसत नाही ते मागायला आधी त्याची आठवण यावी लागते. तिला ते जमतंय. ही फार पुढची गोष्ट आहे.”

“म्हंजे मी नसलो तरच हाक मारणार,” आबा म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, सध्या तरी तसंच.

“मग मी ऐकायची कवा?”

यावर मॅडमनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. त्या फारशा हळव्या बाई नाहीत. पण पुढच्या वेळी त्यांनी आमच्या कामात एक नवीन गोष्ट घातली. खेळ चालू असताना मध्येच आबांनी उठून बाहेर जायचं, जिन्यात उभं राहायचं, दार लोटून घ्यायचं. ईश्वरीनं हाक मारली की त्याच क्षणी आत यायचं. मी आबांबरोबर जिन्यात उभी राहणार आणि दार उघडणार.

जिना अंधारा. आबा चपला काढून उभे राहायचे, पायांचा आवाज नको म्हणून. दोघांनीही कान दाराला लावलेले. आतून मॅडमचा आवाज यायचा, “ईश्वरी, कोण पाहिजे?” मग काही नाही. ठोकळे पडल्याचा आवाज. खालच्या दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागायचं. पुन्हा, “कोण पाहिजे?” बरेच दिवस काहीच आलं नाही. जिना चढून येणारी माणसं आम्हा दोघांना बघून थबकायची. एक गृहस्थ म्हणाले, “पावणं, दार उघडंच हाय, जावा की आत.”

“बलवाय पायजे,” आबा हळूच म्हणाले.

“तुमचंच हाय न्हवं पोरगं?”

“व्हय. पर बलवाय पायजे.”

मग तो दिवस आला. दारापलीकडून, मॅडमनी विचारायच्याही आधी, आवाज आला. “आबा.” तो आवाज मी विसरणार नाही. गोड वगैरे नव्हता. जड, घोगरा, एका सुरातला. विहिरीत भांडं आपटावं तसा.

माझा हात कडीवर होता. मी दार ढकलणार, एवढ्यात आबांनी माझं मनगट घट्ट धरलं.

“थांब की,” ते कुजबुजले. “आणि एकदा म्हणू दे.”

मी म्हटलं, आबा, लगेच जायला पाहिजे. त्यांना ठाऊक होतं. त्यांनीच मला एकदा दोनदा ते म्हणून दाखवलं होतं. पण त्यांनी हात सोडला नाही. अंधारात त्यांचं तोंड नीट दिसत नव्हतं. आत सगळं गप्प झालं होतं, आणि मला भीती वाटायला लागली की आता ती पुन्हा म्हणणार नाही, आणि हे सगळं वाया जाणार. मग पुन्हा आलं, जरा मोठ्यानं. “आबा.”

तेव्हा ते आत गेले.

मॅडम नंतर त्यांना बोलल्या. हाक आली की थांबायचं नाही, थांबलात तर ती सोडून देईल. आबा म्हणाले, मला ऐकाय कमी येतंय, मॅडम. ज्यांना मिटल्या डोळ्यांनी कळत होतं त्यांचं हे बोलणं मॅडमनी ऐकून घेतलं. पुढच्या वेळी पुन्हा तेच. पहिल्या हाकेला आबा कधीच आत गेले नाहीत. घरातही तसंच, वहिनी सांगायच्या, मोरीत जाऊन उभारत्यात, दोन हाका झाल्याशिवाय बाहेर येत न्हाईत, एखाद्या वेळी तीन. भांडी घासणाऱ्या बाईला बाहेर थांबवून ठेवत्यात. तरीही त्या हसायच्या. आबा घरात पुन्हा जेवायला लागले होते. ईश्वरीनं हाक मारणं सोडलं नाही. उलट ती शिकली. एकदा हाक मारायची, न चिडता थोडं थांबायचं, मग पुन्हा मारायची. तेवढं केलं की माणूस येतो.

जूनमध्ये ती बालवाडीत जायला लागली. बाटली तिची तिला मागता यायची. त्या सगळ्या महिन्यांत आबा जिन्यात माझ्याशी फारसं बोलायचे नाहीत. मीही बोलत नसे. आम्ही दोघं कान देऊन उभे असायचो.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि त्यांना ताप आला. छाती भरली. दवाखान्यात नेलं. मला हे सगळं नंतर कळलं. आधी एवढंच कळलं की ईश्वरी येत नाही. माझ्या परीक्षा होत्या. वहिनींचा फोन आला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. त्या म्हणाल्या, शेवटी बोलायचे नाहीत, नुसते बघायचे. काय पाहिजे ते मलाच कळंना, त्या म्हणाल्या, आन् त्यांनी मागितलं बी न्हाय.

दिवस वगैरे झाल्यावर वहिनी ईश्वरीला घेऊन आल्या. मॅडमनी त्या दिवशी अवघड काही घेतलं नाही. चित्रांचे तुकडे जुळवायचा खेळ होता. ईश्वरी छान बसली होती. गाईचं शिंग तिनं बरोबर जागी लावलं, मॅडम शाबास म्हणाल्या, आणि मग तिनं मान वळवून दाराकडे बघितलं.

“आबा.”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी चित्राचा तुकडा हातात घेतला होता, तो तसाच राहिला. वहिनी पुढे होऊन म्हणाल्या, “आबा न्हाईत, बाळा. आबा देवाकडं गेलं.” ईश्वरीनं त्यांच्याकडे बघितलं नाही. ती रडली नाही, चिडली नाही. आपला हात मांडीवर ठेवून ती थांबली, तिला शिकवलं होतं तसं. थोड्या वेळानं, त्याच जड आवाजात, तिनं पुन्हा हाक मारली.

मग तिसऱ्यांदा.

खाली दुकानात कुणीतरी मोठ्यानं गोळ्यांची नावं विचारत होतं. खोलीतल्या आम्ही तिघी मोठ्या बायका, आम्हीही दाराकडेच बघत होतो.